रोजची वीस मिनिटं, एकच झाड: निसर्ग बघायचा नेमका कसा

“रोज बागेत जातो, पण काही वाटत नाही हो.” हे वाक्य अधूनमधून कुणी ना कुणी ऐकवतंच. जरा चौकशी केली की कळतं, जातात ते कानात इअरफोन घालून, पावलं मोजत आणि रोज वेगळ्या रस्त्याने. दुसरा प्रकार म्हणजे महिनाभर खिडकीबाहेरही बघायचं नाही आणि मग एखाद्या शनिवारी तीन तास गाडी हाकत कुठल्याशा पठारावर फुलं बघायला जायचं. तिथून येताना फुलांपेक्षा पार्किंगचीच आठवण जास्त राहते.

दोघांचंही चुकतं ते क्रमात. घराजवळच्या निसर्गातून आनंद मिळतो तो ओळखीतून, आणि ओळख व्हायला तीच जागा, तोच जीव पुन्हा पुन्हा बघावा लागतो. म्हणून खालचे टप्पे दिले आहेत त्याच क्रमाने करा. बहुतेक जण पाचव्यापासून सुरुवात करतात आणि पहिले चार गाळतात.

हा लेख शहरात किंवा तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, नोकरी-घर सांभाळणाऱ्या माणसासाठी आहे. महिने महाराष्ट्राच्या हवेला धरून दिलेत. कोकण, देश आणि विदर्भ यांत थोडाफार फरक पडेल, तो आपापला धरावा.

## आधीची तयारी

काही विकत आणू नका. नवीन बूट, दुर्बीण, कॅमेरा, पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक असं सगळं घेऊन सुरुवात करणारे पंधरा दिवसांत थंडावतात, कारण खर्च केला की काहीतरी ‘दिसलंच पाहिजे’ असं वाटायला लागतं. दुर्बीण घ्यायचीच असेल तर तीन महिन्यांनी घ्या. तेव्हाही ८×४२ (म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरते, त्याहून मोठी नको. जास्त मोठं करून दाखवणारी दुर्बीण हातात हलत राहते.

एवढंच जवळ असू द्या:

- एक साधी वही आणि पेन्सिल. पेन नको, पावसाळी हवेत शाई फुटते.
- पूर्ण बाह्यांचे, मळकट रंगाचे कपडे. पांढरा शुभ्र टी-शर्ट पक्ष्यांना लांबून दिसतो.
- डासांसाठी मलम. हे विसरलात तर सगळं लक्ष पोटऱ्यांवर राहील.
- बसायला काहीतरी. कट्टा असेल तर उत्तम, नाहीतर घडीचं स्टूल.

फोन सुरक्षिततेसाठी लागत असेल तर न्या, पण फ्लाइट मोडवर आणि खिशात.

आणखी एक तयारी लोक विसरतात: घरच्यांना सांगून ठेवणं. “वीस मिनिटं मला हाक मारू नका,” एवढं स्पष्ट सांगा. गॅलरीत बसलेल्या माणसाला घरात ‘रिकामा’ धरतात, आणि बायकांना तर जास्तच. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम अंगावर घेऊन झाड बघता येत नाही.

## टप्पा १: जागा ठरवा

एकच जागा घ्यायची. तिच्या अटी तीनच: चपला अडकवून पाच मिनिटांत पोहोचता आलं पाहिजे, स्वस्थ बसता आलं पाहिजे आणि नजरेच्या टप्प्यात एक तरी मोठं झाड हवं.

गॅलरी चालते का? चालते. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरची तर फारच चांगली, कारण झाडाचा शेंडा नजरेच्या पातळीला येतो आणि खाली उभ्या माणसाला कधी न दिसणारी फुलं समोर असतात. दहाव्या-अकराव्या मजल्यावर झाडं खाली राहतात. तिथे आकाश घ्या: घारी, ढग, चंद्र आणि संध्याकाळी परतणारे थवे.

कोणतं झाड, हे तुम्ही कुठल्या महिन्यात सुरुवात करताय त्यावर ठरवा.

जानेवारी ते मार्च: पांगारा, काटेसावर, पळस. नवशिक्यांसाठी यांच्याइतकं सोपं दुसरं नाही. पानं गळालेली, फांद्या उघड्या आणि लालभडक फुलं, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक पक्षी दिसतो.

मार्च-एप्रिल: पिंपळ, करंज, कडुनिंब. इथे पालवी बघायची. पिंपळाचं नवं पान तांबूस असतं, हळूहळू पोपटी होतं आणि मग नेहमीचं हिरवं. एका फांदीवर नजर ठेवली तर हा बदल दिवसागणिक कळतो.

एप्रिल ते जून: बहावा, ताम्हण, गुलमोहर. ताम्हण हे आपलं राज्यफूल आहे, हे शाळेत पाठ केलेलं असतं. झाड मात्र अनेकांनी पाहिलेलं नसतं. रस्त्याकडेला जांभळी फुलं दिसली तर थांबून बघा.

ऑगस्ट ते डिसेंबर: आधी पारिजातक, मग सातवीण आणि बूच. तिघांचाही खेळ वासाचा आणि अंधाराचा.

बारा महिने: उंबर, वड. मला विचाराल तर हाताशी उंबर असेल तर दुसरीकडे बघूच नका. फळं थेट खोडाला लगडतात. पिकली की दिवसा तांबट, बुलबुल, कोकीळ, खारी आणि रात्री वटवाघळं. फळ फोडलंत तर आत बारीक चिलटासारखे कीटक दिसतील. उंबराचं परागीभवन तेच करतात, तेव्हा नाक मुरडू नका.

नुसती कापलेली हिरवळ आणि रांगेत लावलेले शोभेचे पाम असलेली बाग टाळा. फोटोत छान दिसते, पण तिथे घडत काही नाही. त्यापेक्षा नाल्याकडेचं, धुळीने माखलेलं करंजाचं झाड बरं.

> सावधान: जागा एकांताची हवीच असं नाही. पहाटे किंवा तिन्हीसांजेला एकट्याने बसायचं असेल तर दिवा असलेली, माणसांची ये-जा असलेली जागा घ्या. वॉचमनला आधीच सांगून ठेवा. रोज झाडाकडे टक लावून बसणाऱ्या माणसाची चौकशी होतेच.

> तपासा: ठरवलेल्या जागी लागोपाठ तीन दिवस एकाच वेळी बसा. तीन दिवसांत किमान तीन प्रकारचे जीव दिसले का? मुंग्याही धरायच्या. नसतील तर जागा आत्ताच बदला. एकदा पुढे गेलात की मात्र वर्षभर बदलायची नाही.

## टप्पा २: वेळ एखाद्या रोजच्या कामाला बांधा

घड्याळातली ठरावीक वेळ फसवते. मुंबईत मे अखेर-जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीत जवळजवळ सव्वासातला. साडेसहाची वेळ धरलीत तर उन्हाळ्यात लख्ख उजेड आणि थंडीत मिट्ट काळोख. म्हणून सकाळची वेळ सूर्योदयाला आणि घरातल्या एखाद्या कामाला धरून ठरवा: दूध तापवून झालं की, मुलांची शाळेची बस गेली की, पहिला चहा हातात आला की.

सूर्योदयानंतरचा पहिला तास सगळ्यात भरलेला असतो. तो जमत नसेल तर सूर्यास्ताच्या आधीची वीस मिनिटं घ्या. साळुंक्या, कावळे, पोपट मुक्कामाला परततात आणि जागेवरून भांडतात. भर दुपारी बसू नका. दुपार पक्ष्यांच्याही विश्रांतीची असते.

वीसच मिनिटं का? इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवर २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये, अजिबात न जाणाऱ्यांपेक्षा, तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं. ती १२० मिनिटं एकदम की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडला नाही. यावरून ‘इतकी मिनिटं केली की इतका फायदा’ असा हिशेब मांडता येत नाही, पण रोज वीस मिनिटं आणि आठवड्याला एक सुट्टी एवढं बसवायला तो आकडा सोयीचा आहे.

इथली नेहमीची चूक म्हणजे सहा दिवस बुडवायचे आणि रविवारी दोन तास बसून भरून काढायचे. मिनिटं भरतात, ओळख होत नाही. कालच्या फांदीवर आज काय झालं, हे काल तिथे असलेल्यालाच कळतं.

## टप्पा ३: पहिली पाच मिनिटं काहीच करू नका

तुम्ही जागेवर पोहोचता तेव्हा तिथले पक्षी उडालेले किंवा गप्प झालेले असतात, सरडा खोडाच्या पलीकडच्या बाजूला सरकलेला असतो. ही पाच मिनिटं त्यांना परत येण्यासाठी द्यायची. ‘आज काहीच नाही’ म्हणून उठणारे बहुतेक लोक याच पाच मिनिटांत उठतात.

नजर एका ठिकाणी रोखू नका, सैल सोडा. पानांतली हालचाल डोळ्याच्या कडेला आधी जाणवते. मग कान लावा: आधी लांबचे आवाज, मग जवळचे. रिक्षा, भांडी, शेजारच्यांचा टीव्ही ऐकू येणारच. त्यांच्यावर चिडू नका, त्यांच्या खालचा थर ऐका. उन्हाळ्यात लांबून एकसुरी ‘पुक्-पुक्-पुक्’ येत असेल तर तो तांबट, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा. पहाटे उंच टोकावर बसून तऱ्हेतऱ्हेची शीळ घालणारा काळा-पांढरा पक्षी म्हणजे दयाळ. मेच्या शेवटी-जूनमध्ये ‘पेरते व्हा’ ऐकू आलं तर पावशा. पण हे मी सांगितलं म्हणून कळलं. तुम्ही मात्र अजून नावांच्या मागे लागायचं नाही.

> सावधान: याला ध्यान समजू नका. डोळे मिटायचे नाहीत, श्वास मोजायचा नाही, मन रिकामं करायची खटपट करायची नाही. मनात ऑफिसचे विचार येतील, येऊ द्या. बाहेर काही हललं की लक्ष आपोआप तिकडे जातं. प्राणायाम करत असाल तर तो वेगळ्या वेळी करा.

## टप्पा ४: आठवड्याला एकच प्रश्न

सगळ्या लेखात हा टप्पा महत्त्वाचा, आणि लोकांना तो बालिश वाटतो. नुसतं ‘बघायला’ बसलं की चौथ्या दिवशी कंटाळा येतो. सगळं हिरवं दिसायला लागतं. हातात एक लहानसा प्रश्न असला की तेच झाड वेगळं दिसतं. प्रश्न उत्तर सापडेल असा, डोळ्यांनी तपासता येईल असा हवा. ‘निसर्ग मला काय सांगतोय’ हा प्रश्न नको. त्याचं उत्तर आपणच मनातून देतो.

चांगले प्रश्न असे: या खोडावर मुंग्या वर जाताना काय नेतात आणि खाली येताना काय आणतात? खार कुठल्या फांदीवरून कधीच जात नाही? सकाळी सर्वांत आधी कोण आवाज करतं, कावळा की दयाळ? पर्जन्यवृक्षाची पानं संध्याकाळी मिटायला नेमकी कधी लागतात? पावसाळ्याच्या आगेमागे डोकं लाल करून खोडावर जोर काढणारा सरडा कुणाला दाखवत असतो?

दोन उदाहरणं जरा जवळून बघू.

पांगारा, फेब्रुवारी-मार्च. प्रश्न: या फुलावर कोण, कसं जेवतं? कावळा सरळ डोकं आत खुपसतो. बुलबुल आणि साळुंकी फांदीवर बसून वाकतात, आणि वर येतात तेव्हा कधीकधी कपाळाला पराग लागलेला असतो. शिंजीर एवढासा, बाकदार चोचीचा. तो फुलाच्या कडेला लोंबकळतो, आणि मोठं कुणी आलं की पळतो, पण दोन मिनिटांत परत त्याच गुच्छावर येतो. कोतवालही येतो, मध पितो, शिवाय फुलांवर आलेले किडे उडत्या उडत्या पकडतो. थव्याने गुलाबी-काळ्या मैना उतरल्या तर त्या पळसमैना. थंडीपुरत्या परदेशातून आलेल्या या पाहुण्या पळस-पांगाऱ्यावर गोंधळ घालतात आणि निघून जातात. आठवडाभर हे बघितलं की कोण कुणाला भितो, हे तुम्हाला सोसायटीच्या सभेइतकं स्पष्ट कळतं.

कुंडीतला कढीपत्ता, पावसाळा. प्रश्न: ही पक्ष्याची शीट कालच्या जागेवरून हलली कशी? कारण ती शीट नसते. कढीपत्ता आणि लिंबाच्या कोवळ्या पानांवर काही फुलपाखरं फिकट पिवळं, मोहरीच्या दाण्याहून लहान अंडं एकेकटं चिकटवतात. त्यातून निघणारी अळी तपकिरी आणि मध्ये पांढरट पट्टा असलेली, हुबेहूब शीट दिसणारी, म्हणजे पक्षी तिच्याकडे ढुंकून बघत नाही. कात टाकत वाढते आणि शेवटच्या वेळी एकदम हिरवीगार होते. तेव्हा तिला गवताच्या काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी-तांबडी, दोन टोकांची शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. एकदाच करून बघा, रोज नको. मग ती खाणं थांबवते, एखाद्या काडीला कमरेभोवती रेशमाचा पट्टा बांधून कोष करते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास उबदार हवेत साधारण महिन्याभरात पुरा होतो.

इथे होणारी चूक ठरलेली: अळी दिसताच फवारणी किंवा चिमटा. फोडणीपुरती दहा-बारा पानं बाजूला राहतातच, बाकीची तिला खाऊ द्या. झाड पुन्हा फुटतं.

> तपासा: आठवडा संपताना प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात सांगता येतंय का? अर्धवट चालेल. “माहीत नाही, पण मुंग्या सकाळी उन्हाच्या बाजूनेच चढतात,” हेही उत्तर आहे. काहीच सांगता येत नसेल तर प्रश्न फार मोठा होता. लहान करा.

## टप्पा ५: नाव आता शोधा

आधी का नाही? कारण नाव मिळालं की डोळे थांबतात. ‘बुलबुल’ म्हटलं, संपलं. शेपटीखालचा लाल डाग, रागावल्यावर उभा राहणारा तुरा, जोडीने फिरण्याची सवय हे बघायचं राहून जातं.

म्हणून नियम असा: फोन काढण्याआधी त्या जीवाबद्दल तीन गोष्टी वहीत हव्यात. आकार (चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा), एखादी खूण आणि तो काय करत होता. त्यानंतर खुशाल अ‍ॅप उघडा. मर्लिन पक्ष्याच्या आवाजावरून नाव सुचवतं, आयनॅचरलिस्ट फोटोवरून झाडं-किडेही ओळखायला मदत करतं. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही चुकतात. पुण्याच्या बोळात अ‍ॅपने हिमालयातला पक्षी सांगितला तर अ‍ॅपचं चुकलं, तुम्हाला दुर्मीळ काही दिसलेलं नाही.

अ‍ॅपच्या आधी माणसांना विचारून बघा. फुलवाली, माळी, गावाकडून आलेला वॉचमन, घरातली आजी. त्यांच्याकडे नावासोबत आणखी काही मिळतं: याची शेंग कशाला वापरतात, याचा चीक लागला तर काय होतं.

नावांची यादी मात्र वाढवत बसू नका. ‘आज नवीन किती?’ असं सुरू झालं की रोजची साळुंकी बिनकामाची वाटायला लागते, आणि तुम्हाला रोज दिसणार आहे ती साळुंकीच.

## टप्पा ६: वहीत तीन ओळी

जागेवरून उठण्याआधी लिहा. घरी जाऊन लिहीन म्हटलं की राहतं. तीन ओळी पुरे: तारीख आणि हवा, जे डोळ्यांनी पाहिलं ते, एक न सुटलेला प्रश्न. नमुना असा:

*१२ मार्च. गार, वारा नाही.*
*पांगाऱ्यावर कावळे सात-आठ. खारीने कळी तोडली, थोडी कुरतडली, टाकली. खाली अशा बऱ्याच पडल्यात.*
*अख्खी का खात नाही?*

‘मन प्रसन्न झालं’ हे वाक्य वहीत नको. झालं असेल तर चांगलंच आहे, पण रोज तेच लिहायला लागलात की तीन आठवड्यांत वही आणि प्रसन्नता दोन्ही बंद पडतात. खारीने कळी टाकली हे लिहिलेलं मात्र सहा महिन्यांनी वाचलं तरी ती सकाळ जशीच्या तशी समोर येते.

नोंदी कुणाच्या उपयोगी पडाव्यात असं वाटत असेल तर ‘सीझनवॉच’ या भारतीय उपक्रमात आपलं झाड नोंदवता येतं. दर आठवड्याला पालवी, फुलं, फळं किती आहेत एवढंच कळवायचं असतं. पक्ष्यांसाठी ‘ईबर्ड’ आहे. पण सुरुवातीचे दोन-तीन महिने वही आपल्यापुरतीच ठेवा.

फोटो? आठवड्यातून एकदा, त्याच जागेवरून, त्याच झाडाचा. वर्षाचे फोटो ओळीने लावलेत तर दाखवण्यासारखं काहीतरी होईल. रोजचा फोटो स्टेटसला टाकलात तर उरलेला दिवस कुणी बघितलं ते मोजण्यात जातो.

## टप्पा ७: ऋतू पालटताना सांभाळा

सवय मोडते ती दोनदा, जूनमध्ये आणि एप्रिलच्या काहिलीत.

पावसाळा. मुंबईत मान्सून साधारण ११ जूनच्या सुमारास येतो. त्यानंतर ‘पाऊस आहे’ म्हणून बसणं थांबतं आणि मग दिवाळीपर्यंत थांबलेलंच राहतं. उपाय: पावसाळ्यापुरती जागा गॅलरीत, जिन्याच्या खिडकीत किंवा छपराखाली हलवा. झाड तेच दिसत राहिलं तर उत्तम. कंपाउंडच्या भिंतीवर या दिवसांत जितकं घडतं तितकं एरवी अख्ख्या बागेत घडत नाही. आठवड्यात शेवाळ हिरवं होतं, पंधरवड्यात फटीतून नेच्याची गुंडाळी उलगडते, गोगलगायीची चकचकीत रेघ सकाळी दिसते. भिंतीचा वीतभर तुकडा ठरवा आणि तोच बघा.

> सावधान: विजा कडाडत असतील तर झाडाखाली थांबायचं नाही, लगेच पक्क्या इमारतीत जायचं. वादळी वाऱ्यात गुलमोहर, पर्जन्यवृक्ष यांच्या फांद्या अचानक मोडतात. पावसाळ्यात गवतात बंद बूट घाला, ढोलीत किंवा दगडाखाली हात घालू नका. उगवलेल्या अळंब्या बघा, खाऊ नका.

उन्हाळा. वेळ अर्धा तास अलीकडे ओढा. पक्ष्यांसाठी पाणी ठेवायचं असेल तर पसरट, उथळ मातीचं भांडं घ्या. पाणी रोज बदला, भांडं घासून घ्या. तेच पाणी आठवडा-दीड आठवडा राहिलं तर त्यात डेंग्यूचे डास तयार होतात. दाणे टाकू नका. दाण्यांवर येतात ती मुख्यतः कबुतरं, आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसांचा गंभीर आजार होऊ शकतो. पाण्यावर बुलबुल, दयाळ, चष्मेवाले (डोळ्यांभोवती पांढरं कडं असलेले चिमुकले पक्षी) येतात, तेवढं पुरे.

उन्हाळ्याची आणखी एक गंमत: सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी काही क्षण सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने हे आपल्याकडे सर्वत्र घडतं. पुण्या-मुंबईकडे पहिली वेळ मेच्या मध्यावर येते. जुलैअखेरची दुसरी ढगांत हरवते. गच्चीत पाण्याची बाटली उभी करून बघा. वीस मिनिटांत काम होतं.

थंडी. काही सांगायला नको. या दिवसांत कुणालाही जमतं.

आणि बसणं खरोखर जमणारच नाही अशा दिवसांसाठी चंद्र ठेवा. संकष्टीचा चंद्रोदय कॅलेंडरवर छापलेलाच असतो. उपास असो-नसो, त्या वेळी पूर्वेला बघा. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि पुढे रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा. लागोपाठ चार रात्री तो कुठल्या इमारतीमागून वर येतो तेवढं बघितलं तरी त्या आठवड्याचं काम झालं.

## टप्पा ८: दुसऱ्या कुणाला बरोबर न्यायचं तर

महिनाभर एकट्याने करून मगच. मुलांना नेलंत तर शिकवू नका. “हे बघ, हा कोकीळ, लिहून घे,” म्हटलं की शाळा झाली. त्यांना हातभर जमीन द्या आणि तिथे कोण कोण राहतं ते शोधायला सांगा. बुचाची फुलं पडायच्या दिवसांत तर काहीच सांगावं लागत नाही. रात्री उमललेली ती लांब देठाची पांढरी फुलं सकाळी खाली सडा घालतात आणि त्यांची वेणी दोऱ्याशिवाय, देठात देठ अडकवून गुंफता येते. एकदा दाखवा, पुढच्या वेण्या मुलं आपली आपण करतात.

घरातल्या वयस्कर माणसांना न्यायचं तर खुर्ची न्या आणि गप्पांना मनाई करू नका. त्यांच्या गप्पांतच झाडं असतात.

## तरीही काही वाटत नसेल तर

कंटाळा येतो. प्रश्न बदललाय का? एकाच प्रश्नावर तीन आठवडे काढले असतील तर येणारच. जागा बदलू नका, प्रश्न बदला.

लक्ष लागत नाही. वीसऐवजी आठ मिनिटं करा, पण रोज. आणि काहीतरी हातात धरा: गळालेलं पान, शेंग, पीस. बोटांना काम असलं की डोकं कमी पळतं.

सुरुवातीला छान वाटायचं, आता नाही. पहिल्या काही आठवड्यांचं नवेपण ओसरलं की मध्ये एक सपाट काळ येतो. या काळात वही मागे उलटून वाचा. त्यात काहीच वाचण्यासारखं नसेल तर टप्पा ६ नीट केलेला नाही.

कशातच गोडी वाटत नाही. फक्त झाडातच नाही; जेवण, माणसं, आवडीचं काम, सगळंच बेचव वाटतंय आणि असं दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. झाड नंतरही तिथेच असेल.

झाडावरच नोटीस लागली. शहरात हेही होतं. शहरी भागातल्या वृक्षतोडीसाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे. त्यानुसार परवानगी लागते, आणि तोडण्याआधी झाडावर नोटीस लावून हरकती मागवल्या जातात. नोटिशीचा फोटो त्याच दिवशी घ्या, हरकतीची मुदत बघा आणि मुदतीत पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी हरकत देऊन पोच घ्या. नुसतं ‘झाड वाचवा’ लिहू नका. वहीतल्या नोंदी तारखांसकट जोडा: घरटं कुठल्या फांदीवर, कधीपासून, फळं कधी धरतात, कोण खायला येतं.